कमी उत्पन्नाच्या कामगारांना पैशाचे व्यवहार शिकवायचे आहेत: आठ वर्गांत काय घ्यावं?

शिकाऊ_स्वयंसेवक
नमस्कार मंडळी. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) तासांतून आम्हा सहा विद्यार्थ्यांना एका बांधकाम साइटवरच्या आणि शेजारच्या वस्तीतल्या कामगारांसाठी आर्थिक साक्षरतेचे वर्ग घ्यायचे आहेत. आठ रविवार, साधारण तीस जण: गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले आणि घरकाम करणाऱ्या बायका. कच्चा आराखडा असा: १) बचतीचं महत्त्व २) ५०-३०-२० बजेट (निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला) ३) बँकांचे प्रकार ४) विमा ५) म्युच्युअल फंड व एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम) ६) डिजिटल पेमेंट ७) आयकर ८) चाचणी व प्रमाणपत्र. स्लाइड्स तयार आहेत. काय बदलावं? फाडून काढलंत तरी चालेल.

हिशेबनीस
फाडायला सांगितलंत म्हणून सांगतो. १, ३, ५ आणि ७ आजच उडवा. आयकर या मंडळींच्या कामाचा नाही, बँकांचे प्रकार कुणाच्याच कामाचे नाहीत. 'बचतीचं महत्त्व' तर पहिल्या दिवशी मुळीच नको. पंधरा-सोळा हजारांत खोलीभाडं, गावाकडचे पैसे आणि पोरांची फी बसवणाऱ्या बाईला विद्यार्थ्याने काटकसर शिकवायची नसते, त्यात ती तुमची मास्तरीण आहे. तिचं अडतं ते कागदापाशी. हजेरीची वही, पासबुक, कर्जाचं कार्ड आणि फोनवरचा मेसेज, एवढं वाचता आलं की आज जे पैसे गळतात त्यातले बरेच थांबतात. आठ वर्ग त्यातच संपतील.

५०-३०-२० हे एक तारखेला पगार जमा होणाऱ्यांचं गणित. इथे पैसा आठवड्याच्या खर्चीत (मजुरीतून खर्चापुरती आधी मिळणारी रक्कम) येतो, उरलेलं पेमेंट महिन्याने किंवा काम संपल्यावर, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस हजेरीच पडत नाही. त्यामुळे बजेट आठवड्याचं करा आणि लिहून नको, चिठ्ठ्यांनी करा. कागदाच्या वीस सारख्या चिठ्ठ्या म्हणजे एका आठवड्याची कमाई. जमिनीवर खडूने घरं आखा: भाडं, किराणा, गाव, हप्ता, शाळा, दवाखाना, फोन, इतर. प्रत्येक घरात चित्र काढा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांनाही अडचण नाही. तीन-चार जणांचा गट करून चिठ्ठ्या मांडायला सांगा. मांडून झालं की त्यातल्या सहा उचलून घ्या, "दोन दिवस पाऊस लागला". कोणत्या घरातून चिठ्ठी निघते आणि कोणत्या घरातून काही केल्या निघत नाही ते बघत बसा. हप्त्याच्या घराला कुणी हात लावत नाही, दवाखान्याचं घर आधी रिकामं होतं. पुढचा सगळा अभ्यासक्रम तिथेच तुमच्यासमोर मांडलेला असतो.

नाका_ते_साइट
हिशेबनीस यांना अनुमोदन. एक मूलभूत प्रश्न: रविवार कुणाच्या सोयीचा? बऱ्याच साइटवर रविवारी काम चालू असतं, सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. घरकामवाल्यांना रविवारी उलट जास्त काम पडतं, कारण त्या घरचे सगळे घरी असतात. त्या मोकळ्या मिळतात दुपारी दोन ते चार, आठवड्याच्या मधल्या दिवशी. तेव्हा दोन वेगळे गट करा. पंधराच्या वर माणूस नको आणि चाळीस मिनिटांच्या वर वेळ नको. बायकांचा गट वेगळा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. नवरा किंवा मुकादम समोर बसला असेल तर कर्जाबद्दल आणि बाजूला ठेवलेल्या पैशाबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

भाषेचंही बघा. साइटवर हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारे निघतील. मराठी स्लाइड्सचा तिथे उपयोग शून्य.

आता हजेरी. पहिला वर्ग याचाच घ्या, कारण त्याचा फायदा त्याच आठवड्यात दिसतो. दहा रुपयांची खिशात मावणारी वही, पानावर पाच रकाने: तारीख, हजेरी (पूर्ण, अर्धी किंवा दीड), ओव्हरटाइमचे तास, घेतलेली खर्ची, मुकादमाची सही. सही मिळत नसेल तर हजेरीच्या संध्याकाळी मुकादमाला व्हॉट्सॅपवर बोलून मेसेज टाकायचा: "आज पूर्ण हजेरी, पाचशे खर्ची मिळाली". त्याने उत्तर दिलं नाही तरी तारीख-वेळेची नोंद राहते.

हिशेबाचं एक उदाहरण फळ्यावर सोडवा. दर ६५०, हजेरी साडेचोवीस, म्हणजे १५,९२५. चार आठवड्यांची खर्ची ६,०००. येणं ९,९२५. मुकादम म्हणतो ९,२७५. फरक ६५०, म्हणजे एक पूर्ण हजेरी गळाली, आणि वही असेल तर कोणत्या तारखेची ते लगेच सापडतं. वाद नेहमी दोनच ठिकाणी होतो: अर्ध्या हजेरीत, आणि रोख दिलेल्या खर्चीत. गावाहून निघताना घेतलेली उचल वेगळ्या पानावर लिहायला लावा. ती खर्चीत मिसळली की दोनदा कापली जाते.

बँकमित्र_७
पासबुकाच्या वर्गाबद्दल लिहितो. प्रत्येकाला आपलं पासबुक आणायला सांगा, पण वर्गाच्या आधीच्या आठवड्यात ते भरून घ्यायला सांगा, नाहीतर अर्ध्यांची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची निघेल. दोन वर्षं ग्राहकाने स्वतः एकही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. ते चालू करायला केवायसीची (ओळख आणि पत्त्याची) कागदपत्रं आणि एक व्यवहार लागतो, दंड नाही.

पासबुकात शोधायच्या नोंदी पाच: पगार किंवा सरकारी योजनेची जमा, रोख काढलेली, एसएमएसचा आकार, विम्याची कपात, आणि न ओळखू येणारी कपात. शेवटच्या प्रकाराखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि शाखेत विचारायचं. बस्स.

'सरकारी पैसे आलेच नाहीत' ही तक्रार दर वर्गात येणार, विशेषतः लाडकी बहीणच्या १,५०० बद्दल. इथे विद्यार्थी हमखास चुकीचं सांगतात की आधार लिंक करा म्हणजे येतील. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि थेट लाभासाठी ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशाचे व्यवहार जोडणाऱ्या महामंडळाच्या) नोंदीत असणं, म्हणजेच 'सीडिंग', या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधार क्रमांकासमोर त्या नोंदीत एकच बँक असते, शेवटी जोडलेली. कधीतरी सिमकार्ड घेताना किंवा दुकानात अंगठा देऊन दुसरं खातं उघडलं गेलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि बाईला त्या खात्याचा पत्ताच नसतो. माय-आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. मग ते पैसे तिथून काढायचे आणि हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरायचा. लॉगिनला ओटीपी लागतो. मोबाइल नंबर बदललेला असेल तर सगळी गाडी तिथेच अडते, म्हणून आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्यावा लागतो. गावाकडचं सिम बंद करून इथलं नवं घेणाऱ्यांची ही ठरलेली अडचण.

जनधन किंवा साध्या मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढणं तरी मोफत असतं. हे सांगा, कारण 'पैसे ठेवले नाहीत तर दंड पडतो' या भीतीने लोक खातं वापरतच नाहीत.

सव्वाशे_टक्के
व्याजाला दोन वर्ग द्या. एकात होत नाही. आणि 'कर्ज वाईट' असं म्हणू नका, रात्री दोन वाजता दवाखान्याला पैसे देणारा तोच सावकार असतो. फक्त किंमत काढायला शिकवा.

तीन कर्जं मांडा. पहिलं शेकडा पाचाने. १०,००० घेतले, महिन्याला ५०० व्याज. वीस महिन्यांत १०,००० व्याजात गेले आणि मुद्दल जसंच्या तसं उभं. सावकाराचा दर महिन्याचा असतो, बँकेचा वर्षाचा. त्यामुळे 'सावकार पाच टक्के, बँक बारा टक्के, म्हणजे सावकार स्वस्त' अशी समजूत असते. पाच गुणिले बारा, साठ. हा गुणाकार प्रत्येकाकडून तोंडी करून घ्या.

दुसरं रोजच्या वसुलीचं. कागदावर १०,०००, हातात ८,५००, आणि रोज १०० असे शंभर दिवस. घेणारा म्हणतो पंधरा टक्के. पण त्याच्याकडे ८,५०० शंभर दिवस राहतच नाहीत, दुसऱ्या दिवसापासून परत जायला लागतात. सरासरी धरली तर सव्वाचार हजार रुपये शंभर दिवस वापरायला मिळाले आणि त्याचे १,५०० मोजले. शंभर दिवसांना पस्तीस टक्के, वर्षाला सव्वाशेच्या पुढे.

तिसरं फ्लॅट दराचं (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज), मोबाइल आणि टू-व्हीलरच्या दुकानात मिळतं ते. ५०,०००, बारा टक्के फ्लॅट, २४ हप्ते. व्याज १२,०००, हप्ता २,५८३. घटत्या शिल्लकेवर काढलं तर हा दर साडेएकवीसच्या पुढे जातो. या वर्गाला सूत्र शिकवत बसू नका. एकच प्रश्न विचारायला शिकवा: "हातात किती मिळणार आणि एकूण किती परत करायचे, किती दिवसांत?" तीन आकडे मिळाले की दोन कर्जांची तुलना होते.

कंपाउंडिंग_कट्टा
रोजच्या वसुलीचा नेमका दर एक्सेलच्या रेट फंक्शनने दिवसाला ०.३३ टक्के येतो, म्हणजे वर्षाला १२० च्या आसपास. सरासरीची रीत थोडं वर दाखवते. वर्गात सरासरीच ठेवा, ती तोंडी जमते.

पण एसआयपी काढून टाकायला माझा विरोध आहे. वयाच्या पंचविशीत असलेल्या बिगाऱ्याने महिना ५०० टाकले तर? श्रीमंतांनाच का सांगायचं हे?

सव्वाशे_टक्के
टाकू देत की. पण ज्याच्या डोक्यावर शेकडा पाचाचं कर्ज आहे त्याने ५०० रुपये तिकडे फेडले तर वर्षाला साठ टक्के वाचतात, तेही खात्रीने. कोणता फंड साठ टक्के देतो ते सांगा, आम्हीही येतो. शिवाय विद्यार्थ्याने फंडाचं नाव घेतलं की तो सल्ला होतो, आणि गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. बाजार पडला की लोक फंडाला नाही, त्या पोराला शोधतात.

क्रम असा लावा: सगळ्यात महाग कर्ज आधी. मग एका आठवड्याच्या कमाईइतकी रक्कम हाताशी. मग पोस्टाची आरडी, जी महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते आणि चुकलेल्या हप्त्याला शंभरी एक रुपया दंड घेते. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं, तेव्हा ज्याला पावसाळ्यात काम नसतं त्याने रक्कम पावसाळ्यात झेपेल तेवढीच लावावी, दिवाळीत झेपते तेवढी नाही.

नाका_ते_साइट
बचतगट आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज घरकामवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त, ते राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. त्यात घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणं किंवा दारात येणं चालत नाही. कर्जाचं कार्ड मिळालंच पाहिजे आणि भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पोच मिळाली पाहिजे. गोंधळ होतो तो तीन-चार कंपन्यांची कर्जं एकाच वेळी चालू असली की. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जातो. चिठ्ठ्यांच्या खेळात 'हप्ता' या घरात किती चिठ्ठ्या पडतात त्यावरून हे लगेच कळतं.

सावकाराबद्दल: महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना लागतो, आणि शेतकरी नसलेल्यांच्या विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के, तारण असेल तर १५, ही मर्यादा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते. माहिती द्या, पण तक्रार तुम्ही करू नका आणि करायला भरीसही घालू नका. सावकार बहुतेक वेळा मुकादम, घरमालक किंवा किराणावालाच असतो. पुढचा महिना कसा काढायचा हे त्या माणसाला ठरवायचं आहे.

ओटीपी_नको
फसवणुकीचा वर्ग. भाषण नको, दोन फोन घ्या. दोन्ही फोन स्वयंसेवकांचेच. एकाने दुसऱ्याला एक रुपया पाठवायचा, सगळ्यांना दोन्ही पडदे दिसतील असं. पाठवणाऱ्याच्या फोनवर पिन मागितला, घेणाऱ्याच्या फोनवर काहीच नाही, नुसता मेसेज. हे सावकाश तीनदा करा. मग विचारा, "पैसे येताना पिन लागला का?" क्यूआरचंही तेच. तो स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. 'तुमचं बक्षीस आलंय, स्कॅन करा' याला एवढं उत्तर पुरतं.

दुसरा प्रकार फाइलचा. 'खातं बंद होणार, केवायसी करा', 'वाहनाचं चलन आलंय' असा व्हॉट्सॅप मेसेज आणि खाली एपीके फाइल, म्हणजे ॲप टाकणारी फाइल. ती इन्स्टॉल केली की फोनमधले ओटीपी परस्पर वाचले जातात. नियम साधा: मेसेजमधून आलेलं ॲप टाकायचं नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप तर कधीच नाही.

तिसरा, ज्याबद्दल वर्गात कुणी बोलत नाही: खातं भाड्याने देणं. 'तुझं पासबुक, कार्ड आणि सिम दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो.' कामगार वस्त्यांत हे थेट दारात येतं. त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरतात, खातं गोठवलं जातं आणि पोलीस खातेदाराला शोधत येतात. स्वतःची मजुरीही त्यातच अडकते. हा भाग दहा मिनिटं तरी घ्या.

कर्जाच्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२२ पासूनचे नियम आहेत: पैसे देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या कर्ज कंपनीच्या) खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, सगळे आकार आधी एका पानावर दाखवायला हवेत, आणि ॲपने फोनमधले नंबर, फोटो मागायचे नाहीत. नंबरांची परवानगी मागणारं ॲप पुढे नातेवाइकांना फोन करून बदनामी करणार, हे गृहीत धरा.

पैसे गेलेच तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लगेच. तासाभरात फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात थांबण्याची शक्यता बरी असते, दुसऱ्या दिवशी ते चार खाती ओलांडून गेलेले असतात. फोन करताना हाताशी हवं: बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो क्रमांक ॲपमध्ये कुठे दिसतो हे त्या एक रुपयाच्या व्यवहारावरच दाखवून ठेवा.

बँकमित्र_७
त्यात आधारवर अंगठा देऊन होणारे व्यवहार जोडा, कारण वर्गातले निम्मे लोक यूपीआय वापरतच नसतील. मिनी एटीएमवर अंगठा 'लागला नाही' म्हणून पुन्हा मागितला तर आधी पहिल्या व्यवहाराची पावती मागायची. पहिलाही झालेला असू शकतो. नुसती शिल्लक बघायला गेलेल्याकडून पैसे काढण्याचा व्यवहार करून घेण्याचे प्रकार होतात. पावतीवर 'बॅलन्स' लिहिलंय की 'विड्रॉल' एवढे दोन शब्द ओळखायला शिकवलेत तरी पुष्कळ. वापर नसेल तेव्हा आधारचे ठसे एम-आधार ॲपमधून लॉक करता येतात, पण मग पैसे काढायच्या आधी अनलॉक करावे लागतात. ते आठवत नसेल तर लॉक करून देऊ नका.

शिकाऊ_स्वयंसेवक
बापरे, स्लाइड्स गेल्या कचऱ्यात. विम्याचा वर्ग तरी ठेवू ना? आणि आम्ही त्यांच्या फोनवर यूपीआय सुरू करून द्यायचं का?

हिशेबनीस
विमा ठेवा, पण दोनच योजना. प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला एक लाख. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा: वर्षाला ४३६, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख, पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे.

बिघडतं कुठे ते सांगतो. पैसे मेच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापले जातात आणि नेमके तेव्हा कामगार गावी गेलेले असतात, खात्यात दहा रुपये. कपात झाली नाही, विमा संपला, कुणाला कळलं नाही. म्हणून मेच्या मध्यात ५०० रुपये खात्यात टाकायची आठवण वर्गातल्या प्रत्येकाच्या वहीत लिहा. दुसरं, दोन बँकांत खाती असली तर दोन्हीकडून पैसे कापले जाऊ शकतात, पण भरपाई एकच मिळते. एकीकडची कपात बंद करायचा अर्ज द्यायचा. तिसरं आणि सगळ्यात वाईट: घरच्यांना विमा असल्याचं माहीतच नसतं. एक चिठ्ठी गावच्या घरी जायला हवी: बँक, शाखा, कोणता विमा, वारस म्हणून कुणाचं नाव. अपघाताच्या दाव्याला पंचनामा किंवा एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, ते नंतर जमवणं फार कठीण.

जनधनच्या रुपे कार्डावरही अपघात विमा आहे (२८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा), पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डाने एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो. कपाटात जपून ठेवलेलं कार्ड इथे निकामी ठरतं.

फोनबद्दल: हात लावायचा नाही. अगदी 'ताई तूच करून दे ना' म्हटलं तरी नाही. त्यांचं बोट, त्यांचा फोन, आणि पिन टाकताना तुमची पाठ. पासबुकाचे, आधारचे फोटो काढायचे नाहीत, अहवालासाठी तर नाहीच. एकाही कामगाराच्या खात्यात पुढे काही कमी-जास्त झालं तर पहिलं नाव तुमचं येईल.

पगारपत्रक
ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो त्यांच्यासाठी अर्धा वर्ग द्या. पावतीवरची कपात खरोखर भरली जाते का हे उमंग ॲपमधल्या पासबुकात दिसतं. ठेकेदार बदलला की नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढला जातो आणि मग दोन-तीन क्रमांकांत पैसे विखुरतात. नव्या ठेकेदाराला जुना क्रमांक द्यायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी काम होतं. दावे अडतात ते बहुतेक नाव किंवा जन्मतारीख आधारशी न जुळल्यामुळे. ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) महिना २१,००० पर्यंत पगाराला लागू, कामगाराची कपात ०.७५ टक्के. कपात होते पण कार्ड हातात नाही अशांना कार्ड मागायला सांगा.

बांधकाम कामगारांनी राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली का ते विचारा: वय १८ ते ६०, मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र, सरकारी फी नाममात्र. एजंट मात्र हजारात पैसे घेतात. नूतनीकरण चुकलं की लाभ थांबतात, हेही सांगा.

भिशीवाली
भिशीला नाकं मुरडू नका. ज्यांना बँकेत जायला दिवस मोडावा लागतो त्यांच्यासाठी ती चालते. नियम मात्र वर्गात ठरवून घ्या: ओळखीचे लोक, बारापेक्षा जास्त नाही, जमलेली रक्कम त्याच दिवशी वाटायची, प्रत्येकीकडे वही. बुडते ती दोन कारणांनी. पहिल्या नंबरांनी उचललेले नंतर भरत नाहीत, किंवा चालवणारी रक्कम स्वतःकडे ठेवते. लिलावाच्या भिशीत हिशेब करून दाखवा: दहा जणी, हजार रुपये, जमा १०,०००. एकीने गरजेपोटी ८,००० वर सोडवली, उरलेले २,००० सगळ्यांत वाटले, प्रत्येकी २००. लवकर उचलणारी व्याज देते, शेवटी उचलणारी ते खाते. 'वर्षात दुप्पट' म्हणणारी ती भिशी नव्हे. तशी योजना रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तपासायची, तक्रारही तिथेच.

शिकाऊ_स्वयंसेवक
मग नवा क्रम असा लावतो: हजेरी, चिठ्ठ्या, पासबुक, व्याज दोनदा, फसवणूक, विमा आणि पीएफ, आणि शेवटचा दिवस चाचणीऐवजी फॉर्म भरण्याचा. प्रमाणपत्र देऊ का?

बँकमित्र_७
प्रमाणपत्राचा कागद त्यांच्या कामाचा नाही, कॉलेजच्या अहवालाला लागत असेल तर द्या. अहवालात मोजायचंच असेल तर हे मोजा: किती जणांच्या खात्यात वारसनोंद झाली, किती निष्क्रिय खाती चालू झाली, किती जणांची हजेरी वही आठव्या वर्गापर्यंत भरलेली आहे.

शेवटच्या दिवसासाठी महिनाभर आधी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणाऱ्या बँकेच्या) प्रबंधकाला पत्र द्या. आर्थिक साक्षरता केंद्राचा समुपदेशक आणि मशीनसह बँकमित्र (वस्तीत येऊन बँकेचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी) मागा. पत्रात तारीख, जागा, माणसं किती आणि कोणत्या बँकांची खाती किती ते लिहा, म्हणजे योग्य बँकेचा माणूस येतो. बरोबर हवं: वारसनोंदीचे आणि विम्याचे कोरे फॉर्म, स्टॅम्प पॅड, पासपोर्ट फोटो, झेरॉक्सची सोय. अंगठा लावणाऱ्यांच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात. ते त्यांच्यातलेच घ्या, विद्यार्थी नको.

आणि गवंड्यांचे ठसे मशीनवर लागणार नाहीत, हे धरूनच चला. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजतात. आदल्या दिवशी हातांना तेल चोळून ठेवायला सांगा, मशीनवर बसण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, अंगठा नाही लागला तर करंगळीशेजारचं बोट. तरीही नाही लागलं तर चेहऱ्याने किंवा डोळ्याने ओळख पटवण्याची सोय असलेलं यंत्र आणायला पत्रातच लिहून ठेवा.